रेवणसिद्धप्पांच्या वाटणीचा कागद

१

वाटणीच्या कागदात एकही चूक नव्हती, आणि श्रीपतरावांना नेमकं तेच खटकलं.

कागद खटकचिंचोळी गावचा होता. तिथले बडे असामी रेवणसिद्धप्पा, अडत आणि शेती दोन्ही सांभाळणारे, १९५४ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच्या चारच महिने आधी मृत्युकराचा नवा कायदा लागू झाला होता. मागे एक लाखाहून जास्त माया ठेवून जो मरेल, त्याच्या वारसांनी सरकारला हिस्सा द्यायचा. रेवणसिद्धप्पांची जमीन, घरं आणि अडत मिळून दीड लाखाच्या पुढे जात होती. कर पाच हजारांच्या आसपास निघत होता. तेवढ्यात त्यांचा धाकटा मुलगा निंगप्पा गुलबर्ग्याच्या मृत्युकर दफ्तरात आला आणि त्याने टेबलावर एक जुना कागद ठेवला.

कागद म्हणजे वाटणीची याद, झालेल्या वाटणीचं लेखी टिपण, होतं. रेवणसिद्धप्पांनी तीन वर्षांपूर्वीच, ९ एप्रिल १९५१ रोजी, निम्मी जमीन आणि मागचं घर थोरल्या मुलाच्या विधवेला, सावित्रम्माला, वाटून दिलं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे मरताना त्यांच्याकडे उरलेलं सगळं एक लाखाच्या आत, आणि कर शून्य.

दफ्तरातले तपासनीस श्रीपतराव मूळचे उदगीरकडचे. निजामाच्या अमलात अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्टॅम्पाचे कागद तपासले होते, आणि राज्य बदललं तरी त्यांचा संशयी स्वभाव काही बदलला नव्हता. घरात भाजीवाली आली तरी ते वजनाची मापं उलटी करून बघत, त्यामुळे बायको त्यांना बाजारात नेत नसे. त्यांनी कागद उजेडासमोर धरला. स्टॅम्प अस्सल होता. पाठीमागे विकणाऱ्याच्या उर्दू हस्ताक्षरात नोंद होती: ७ एप्रिल १९५१, शनिवार, रेवणसिद्धप्पा यांना दिला. खालचा अंगठा त्यांनी जुन्या नोंदींशी ताडून पाहिला. तोही रेवणसिद्धप्पांचाच निघाला. लिहिणारा भालकीचा परवानाधारक दस्तलेखक रामकिशन, साक्षीदार गावचा शेतकरी हणमंतप्पा. शेवटी नेहमीचा मजकूर, शेतातून नांगराची सरळ रेघ, म्हणजे तास, ओढल्याचा: "आज रोजी औत धरून, मधोमध तास मारून, हद्द पाडली व ज्याचा त्याचा ताबा दिला."

घरातल्या घरात झालेल्या वाटणीची नुसती याद लिहिली तर ती सरकारदरबारी नोंदवावी लागत नाही. म्हणजे कायद्यानेही कागद चोख होता.

"मग अडलंय कुठं?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी पुष्कळ वाटण्या पाहिल्या," श्रीपतराव म्हणाले. "विधवा वहिनीच्या नावावर निम्मी जमीन शाबीत व्हावी म्हणून स्वतःच्या खर्चानं गुलबर्ग्याला खेटे घालणारा दीर अजून पाहायचा राहिलाय."

२

मोटारीने त्यांना फाट्यावर सोडलं तेव्हा दहा वाजले होते. वैशाखाचं ऊन, हातात दफ्तराची पिशवी आणि पुढे तीन मैलांची पायवाट. फाट्यावर दोन बैलगाड्या जू खाली टेकवून उभ्या होत्या आणि बैल लिंबाखाली रवंथ करत बसले होते.

"गाव गाठून देता का? भाडं देतो," श्रीपतरावांनी विचारलं.

"आज सोमवार हाय की सायेब," गाडीवान हसला. "बसवण्णाचा, नंदीचा दिवस. आमच्याकडं आज बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत. औत न्हाई का गाडी न्हाई."

"आणि माणसाच्या पायाला सुट्टी नाही का?" असं पुटपुटत ते चालू लागले. बैलांचा त्यांना मनापासून हेवा वाटला.

गावाच्या शिवेवर गुरुबाई भेटली. रेवणसिद्धप्पांच्या शेताला लागून तिचा तुकडा होता. तिने पाणी दिलं आणि साहेब कशाला आले हे कळताच बोलायलाही सुरुवात केली.

"गेल्या साली आमी दोन खणाचं घर घेतलं, सायेब. ईष्टाम भरला, रजिस्टरचे पैसे भरले, एक पै सोडली न्हाई सरकारनं. हातातल्या पाटल्या इकल्या. किंमत कमी दावा म्हणून कुणी आमाला शिकवलं बी न्हाई. ज्याच्याकडं घबाड हाय त्याला मातर कुटून तरी वाट सापडती."

"रेवणसिद्धप्पांनी वाटणी केली होती म्हणे तीन वर्षांपूर्वी?"

गुरुबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "बांध बघून या," ती म्हणाली. "मग इचारा."

ते वाट वाकडी करून शेतावर गेले. शेताच्या मधोमध बांध होता खरा. पण तीन पावसाळे खाल्लेल्या बांधावर हराळी माजलेली असते, आणि या बांधावर गवताची एक काडी नव्हती. माती हाताने चुरली तर भुसभुशीत होती.

निंगप्पाच्या ओसरीवर त्यांचं दणक्यात स्वागत झालं. गार पाणी, गुळाचा खडा, मग जेवणाचा आग्रह. जेवणाला ते नाही म्हणाले, कारण ज्याची चौकशी करायची त्याचं मीठ खायचं नाही हा त्यांचा नियम होता. रामकिशनही तिथेच बसला होता, भालकीहून आदल्या दिवशीच येऊन. कातडी पिशवी त्याने मांडीखाली घट्ट दाबून धरली होती.

"बांध नवा दिसतो," श्रीपतराव म्हणाले.

"औंदा दुरुस्त केलाय," निंगप्पा लगेच उत्तरला. उत्तर तयारच होतं. मग त्याचा आवाज चढला. "सायेब, एक इचारू? माझ्या अप्पानं जिमिनीचा सारा भरला. अडतीवरचा कर भरला. घर घेतलं तवा ईष्टाम भरला. जित्ता होता तवर सगळं भरलं. मग मेल्यावर परत त्याच मालावर कर कामून? मरणं बी गुन्हा झाला व्हय आता?"

हे श्रीपतरावांना फार लागलं. दफ्तरात त्यांनी स्वतःच हा प्रश्न एकदा विचारला होता आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"कर योग्य की अयोग्य हे ठरवायला मी आलो नाही," ते म्हणाले. "कागद खरा की खोटा एवढंच बघायचंय. आणि तुमच्या वहिनी कुठं आहेत?"

निंगप्पा आणि रामकिशन यांची नजरानजर झाली. "वैनीला काय कळतंय त्यातलं?" निंगप्पा म्हणाला. "तिला नगा इचारू."

३

एखाद्याला विचारू नका म्हटलं की श्रीपतराव त्यालाच आधी विचारत. पण आज त्यांनी स्वतःला आवरलं आणि आधी साक्षीदार गाठला.

हणमंतप्पा आपल्या गोठ्यात बैलांची शिंगं तेलाने चोळत होता. गडी साधा होता. खोटं बोलताना साध्या माणसाला फार तपशील लागतात, आणि हणमंतप्पाकडे ते ढिगाने होते.

"व्हय सायेब, मी हुतो की. सक्काळी सक्काळी औत धरलं. माझेच बैल हुते, हेच दोगं. हा राजा, ह्यो मोत्या. अप्पा बांधावर हुबा, आन मी मधून सरळ तास मारला. दुपारी रामकिशन मुन्शीजींनी कागद लिवला, अप्पानं अंगठा दिला."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी नाही? आठवून सांगा."

"छ्या! कागदात हाय तसंच झालंय."

कागदात काय आहे हे त्याला कुणी वाचून दाखवलं, ते श्रीपतरावांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त राजाच्या पाठीवरून हात फिरवला.

मग रामकिशनला त्यांनी पारावर बाजूला घेतलं. तो पक्का होता. नेमकं तेवढंच बोलत होता. तो भालकीचा, वाणी माणूस. जन्मात कधी नांगराला हात लावला नव्हता, पण ओळीने शंभर वाटण्या लिहिल्या होत्या.

"औत धरून तास मारला, हे वाक्य तुम्ही पाहून लिहिलं की ऐकून?"

"वाटणीची याद अशीच लिहितात, साहेब. त्याशिवाय ताबा शाबीत होत नाही."

"म्हणजे त्याच दिवशी तास पडला?"

"लिहिलंय ना," रामकिशन म्हणाला आणि मांडीखालची पिशवी आता काखेत गेली.

दोघांचीही जबानी श्रीपतरावांनी लिहून घेतली, वाचून दाखवली आणि खाली सही-अंगठा घेतला. दोघांनीही खुशीने दिला. इतक्या खुशीने की श्रीपतरावांच्या मनात आणखी एक संशय आला. मजकूर बनावट असेल तर अंगठा अस्सल कसा? मेलेला माणूस तर उठून अंगठा देत नाही. म्हणजे रेवणसिद्धप्पांनी हयातीतच याच कागदावर अंगठा दिला होता, पण दुसऱ्याच कशासाठी तरी.

आणि बनावट करायचाच होता तर फायदा कुणाचा? कागदावर फायदा फक्त सावित्रम्माचा होता.

४

ती मागच्या घरात राहत होती. घर म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या दोन खोल्या. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, वय चाळीसच्या आत. तिने चटई टाकली आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभी राहिली. श्रीपतराव मनात पक्कं धरून आले होते की ही बाई एकतर फार भोळी असेल, नाहीतर सगळ्यांना पुरून उरणारी. कुठली ते त्यांना ठरवता येईना.

"सासऱ्यांनी तुम्हाला जमीन वाटून दिली?"

"भावजी म्हणायलेत तसं."

"तुम्ही काय म्हणता?"

"मला कोण इचारायलंय?" तिचा आवाज सरळ होता, त्यात तक्रार नव्हती. "मालक जाऊन आठ वरसं झाली. तवापासनं मी हितं राबायले. मामंजी हुते तवर ठीक हुतं. आता भावजी म्हणत्यात, कराची भानगड मिटली की तू म्हायेरी निर्ण्याला भावाकडं जा. भाऊ माझा दोन वरसामागंच वारला. भावजय दारात हुबी करंल का न्हाई, त्येबी ठावं न्हाई."

श्रीपतराव चमकले. निम्म्या जमिनीची मालकीण आणि तिला घराबाहेर काढायला निघालेत?

"बाई, तुमच्याकडून कुठं अंगठा घेतला का त्यांनी?"

"घेतला की. गेल्या म्हैन्यात. म्हणाले, मामंजींच्या कराच्या कामाला लागतोय."

"त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"काय बी न्हाई," सावित्रम्मा म्हणाली. "वर ईष्टामाचं चित्र हुतं. खाली कोराच हुता."

सगळं तळहातावरच्या रेषांसारखं श्रीपतरावांना समोर दिसलं. एका कागदाने जमीन तिला द्यायची, म्हणजे कर बुडाला. प्रकरण मिटलं की दुसऱ्या, कोऱ्या कागदावर लिहायचं की तिने आपला वाटा दिराला सोडून दिला. मग निर्ण्याची वाट. त्यांना संताप आला. सरकारचे पाच हजार बुडाले म्हणून नव्हे, असे कित्येक हजार त्यांनी बुडताना पाहिले होते. या बाईचं नाव नुसतं वाटेतल्या दगडासारखं वापरलं, पाय ठेवून ओलांडायला, म्हणून आला.

ते उठले तेव्हा तिनेच विचारलं, "सायेब, त्यो वाटणीचा कागद खरा ठरला, तर जिमीन कुणाची?"

"निम्मी तुमची."

"आन खोटा ठरला तर?"

"तर सगळी निंगप्पाची. तुम्हाला फार तर पोटगी, आणि तीही कोर्टात भांडून."

चटई उचलून तिने गुंडाळली आणि कोपऱ्यात ठेवली.

रात्रभर श्रीपतराव चावडीत कूस बदलत पडले. त्यांच्या हातात पुरावा होता. आणि त्यांनी तो पुरावा उघड केला, की सरकारला पाच हजार मिळणार होते आणि सावित्रम्माला निर्ण्याची वाट.

५

सकाळी चावडीवर सगळे जमले. समोरच्या रस्त्याने नांगर शेताकडे निघाले होते. निंगप्पा खुशीत होता. रामकिशनची पिशवी मांडीवर, हणमंतप्पा खांबाला टेकलेला, सावित्रम्मा दाराशी.

"हणमंतप्पा," श्रीपतराव म्हणाले, "काल तुमचे राजा-मोत्या गोठ्यात का होते?"

"काल सोमवार न्हवं का सायेब."

"सोमवारी कधीच औत धरत नाही? अडीनडीलाही?"

"जीव गेला तरी न्हाई! आमच्या घराण्यात कुणी धरलं न्हाई."

"छान." त्यांनी वाटणीचा कागद उलटा केला आणि पाठीवरची नोंद वाचली. "हा स्टॅम्प घेतला सात एप्रिलला. विकणाऱ्याने वारसुद्धा लिहिलाय. शनिवार. वाटणी केली नऊ तारखेला. आता तुम्हीच मोजा."

हणमंतप्पाने अंगठ्याने बोटं मोजायला सुरुवात केली. "सात... शनिवार. आठ... आयतवार. नऊ..." त्याचा अंगठा तिसऱ्या बोटावर थांबला. तोंड उघडंच राहिलं. "सोमवार," तो कसाबसा म्हणाला, आणि आपण काय कबूल केलं हे कळून खांबाच्या आधाराने खालीच बसला.

"तुमचे बैल, तुमच्या हातात औत, आणि तेही सोमवारी," श्रीपतराव म्हणाले. "काल तुम्ही अंगठा देऊन मला हेच सांगितलंत. तुमची चूक नाही. इंग्रजी तारखेला कुठला वार येतो हे तीन वर्षांनी कोण बघतं? चूक केली मुन्शीजींनी. प्रत्येक वाटणीत लिहितात तेच वाक्य सवयीने इथंही लिहिलं. पण इतर वाटण्यांत खरोखरच तास पडलेला असतो. इथं शेतात तास पडायच्या आधीच कागद तयार झाला."

रामकिशनच्या कपाळावर घाम आला.

"अंगठा खरा कसा, ते मी सांगतो," श्रीपतराव पुढे म्हणाले. "रेवणसिद्धप्पांना अक्षरओळख नव्हती. एकावन्न साली त्यांनी कशासाठी तरी स्टॅम्प आणला, खाली अंगठा देऊन तुमच्या हवाली केला आणि मग तो व्यवहार मोडला. असंच ना?"

"अडतीचा एक गाळा भाड्यानं द्यायचा होता," रामकिशन पुटपुटला. "देणं झालं नाही. कागद माझ्याकडंच राहिला."

"आणि दुसरा कागद? सावित्रम्मांच्या अंगठ्याचा?"

"साहेब, माझा परवाना..."

"पिशवी उघडा. मग परवान्याचं बोलू."

रामकिशनने एकदा निंगप्पाकडे पाहिलं आणि पिशवी उघडली. कोरा स्टॅम्प, खाली एका बाईचा अंगठा. श्रीपतरावांनी तो सावित्रम्माच्या हातात दिला. तिने त्याचे सावकाश चार तुकडे केले आणि चुलीत घालायला म्हणून पदरात बांधले.

निंगप्पाचा चेहरा उतरला होता, पण तो शहाणा होता. "ठीक हाय सायेब," तो म्हणाला. "चुकलं. कागद खोटा लिवा. कर भरतो, दंड भरतो. पाच हजार गेले तर गेले, जिमीन तरी माझीच ऱ्हाईल."

श्रीपतरावांनी टाक उचलला. मनातून ते हरले होते. पुरावा शाबीत झाला, कायदा जिंकला, आणि ज्याने खोटं केलं त्याचंच घर भरलं. जबान्या पुऱ्या करायच्या म्हणून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"सावित्रम्मा, तुमचं म्हणणं काय?"

ती दारातून पुढे आली.

"मामंजींनी वाटणी केली," ती म्हणाली. "कागद सोमवारी लिवला. औत मातर त्या दिशी न्हाई धरलं, सोमवार हुता म्हणून. दुसऱ्या दिशी, मंगळवारी धरलं. मी भाकरी घिऊन गेलते. हणमंतअण्णाला तीन वरसानं दिवस आठवंना, एवढंच."

निंगप्पा ताडकन उठला.

"खोटं बोलतीया!" निंगप्पा ओरडला.

"मग खरं काय ते तुमी सांगा, भावजी," ती शांतपणे म्हणाली. "सायेब लिवून घेत्याल. खोटा कागद कुणी केला, कुणाकडनं केला, खोटी साक्ष कुणी दिली."

हणमंतप्पा खांबापासून धडपडत उठला. तुरुंगाचं नाव कुणी काढलं नव्हतं, तरी त्याला ते दिसत होतं. "मंगळवारच हुता," तो घाईघाईने म्हणाला. "व्हय सायेब. मंगळवारच."

"बरोबर," रामकिशन म्हणाला. "कागद आदल्या दिवशी लिहिला. वाक्य मी सवयीनं घातलं."

सगळे निंगप्पाकडे पाहू लागले. एका बाजूला निम्मी जमीन, दुसऱ्या बाजूला कोर्ट, तुरुंग आणि त्याच्यावर उलटलेले दोन साक्षीदार. त्याने मान खाली घातली.

"मंगळवार," तो म्हणाला.

श्रीपतरावांना कळत होतं की आपल्या समोर चौघेजण खोटं बोलतायत. अठ्ठावीस वर्षांत एक कागदही त्यांनी असा जाऊ दिला नव्हता. शपथ घालून विचारायचा अधिकार त्यांना होता. बाईच्या गळ्यात लिंग होतं, ते हातात घेऊन ती काय बोलली असती, ते त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांनी शपथ घातली नाही. जबान्या जशाच्या तशा लिहिल्या, आणि खाली लिहिलं: वाटणी झाली होती, कर लागू नाही. लिहिताना वाईट वाटलं नाही.

निंगप्पाने सही केली आणि कुणाकडे न बघता चावडीतून निघून गेला. सावित्रम्मा मात्र जागची हलली नाही.

"सायेब, माझ्या वाट्याचा सारा आता कुणी भरायचा?"

"तुम्ही. पटवाऱ्याकडं."

"पावती कुणाच्या नावानं निघंल?"

"तुमच्या. ताब्याचा तोच पुरावा."

तिने कमरेची गाठ सोडली. आत मुठीएवढी चिल्लर होती. "मग पटवाऱ्याला आत्ताच बोलवा," ती म्हणाली. "औंदाचा बी घ्या म्हणावं, आन पुढच्या सालाचा बी."